मीटर कमी, पण वय दहा

दहा-बारा वर्षांची ई-क्लास मर्सिडीज किंवा फाइव्ह सीरीज बीएमडब्ल्यू आज एखाद्या नव्या, वरच्या मॉडेलच्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते. जाहिरातीचा मजकूर ठरलेला असतो: सिंगल ओनर, मीटर जेमतेम पन्नास हजार, गाडी कायम झाकून ठेवलेली, किंमत बसून बोलू. घेणारा हिशेब करतो की गाडी नव्याच्या पाचव्या हिश्श्यात मिळतेय, म्हणजे सौदा पक्का. या हिशेबात एक बाजू सुटते. गाडीचा भाव उतरला तरी तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. साठ लाखांच्या गाडीचा सस्पेन्शनचा स्ट्रट, गाडी दहा लाखांना विकली गेली म्हणून स्वस्त होत नाही. आणि हे महागडे भाग साधारण आठव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान एकामागून एक मान टाकायला लागतात. कुठले भाग, का, आणि त्याच सुमाराला का, हे गाडीभोवती फिरून शांतपणे पाहण्यासारखं आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. महागड्या जर्मन गाड्या हलक्या बनावटीच्या असतात म्हणून बिघडतात, असं नाही. दहा वर्षांनंतरही त्यांचा पत्रा, रंग, दारांचे बिजागर, सीटचं चामडं बहुधा शाबूत असतं. बिघडतात त्या ठरावीक जागा. जिथे रबर सतत दुमडतं, जिथे प्लास्टिक उकळत्या पाण्यात बसलंय, जिथे तेल बदलायची गरजच नाही असं सांगितलं गेलंय आणि जिथे वायरिंग ओलाव्याच्या वाटेत आहे, त्या. यातलं बरंचसं किलोमीटरने कमी आणि वर्षांनी जास्त झिजतं. म्हणून ‘मीटर कमी आहे’ या गोष्टीची आपल्याकडे जी भुरळ आहे, ती या वर्गातल्या गाड्यांच्या बाबतीत फारशी कामाची नाही. कधीकधी ती उलटी पडते. दहा वर्षांत पन्नास हजार चाललेली गाडी म्हणजे बराच काळ नुसती उभी असलेली किंवा शहरातल्या गर्दीत दोन-दोन किलोमीटर रांगलेली गाडी.

विश्वासार्ह गाड्यांच्या याद्याही इथे तोकड्या पडतात. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवरच्या पाहणीचा दाखला सगळे देतात. ती पाहणी तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांची असते. शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, असा आकडा त्यातून निघतो. त्यात मोबाइल ब्लूटूथला जोडला जात नाही हीही एक तक्रार आणि इंजिन बसलं हीही एकच तक्रार. तीन वर्षांचा काळ युरोपात कंपनीच्या लीजवर गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने बरोबर आहे, कारण तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी चावी परत करतो. तेल किती किलोमीटरने बदलायचं, देखभालीचा खर्च कागदावर किती दिसावा, हे सगळं त्या पहिल्या गिऱ्हाइकाकडे बघून ठरतं. दहाव्या वर्षी पुण्यात किंवा ठाण्यात तीच गाडी विकत घेणारा माणूस त्या आखणीत कुठेच नसतो.

आपल्याकडे आणखी एक समजूत दिसते, की गाडी इथे बनते म्हणजे भाग इथल्या भावात मिळतील. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात जोडली जाते, आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात आणि २००९ पासून चाकणला. ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ. पण हे जोडकाम आहे. इंजिन, गिअरबॉक्स, कंट्रोल युनिट यांतलं बरंचसं पेट्यांमधून येतं, आणि दहा वर्षांनी लागणारा भागही तसाच बाहेरून येतो.

आता गाडीकडे वळू. सुरुवात हवेच्या सस्पेन्शनपासून केलेली बरी, कारण तिथला बिघाड नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मर्सिडीजने १९९८ च्या एस-क्लासमध्ये, म्हणजे डब्ल्यू २२० मध्ये, ‘एअरमॅटिक’ दिलं. पुढे ते इतर मॉडेलांत पसरलं. रेंज रोव्हरने तर हवेचं सस्पेन्शन त्याच्याही आधी आणलं होतं. रचना समजायला सोपी आहे. प्रत्येक चाकाजवळ लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराची जाड नळी, म्हणजे बेलोज असतात, आणि त्यात दाबाखाली हवा भरलेली असते. हवा भरायला विजेवर चालणारा एक छोटा कंप्रेसर, हवा कुठल्या चाकाला द्यायची ते ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, आणि गाडी किती उंचीवर आहे ते मोजणारे सेन्सर. डिकीत चार बॅगा टाकल्या की मागची बाजू खचते, सेन्सर ते सांगतो, कंप्रेसर थोडी हवा भरतो, गाडी पुन्हा सपाट. वेग वाढला की गाडी आपोआप थोडी खाली येते. खड्ड्यांवरून जाताना आत बसणाऱ्याला जे सुख मिळतं ते या हवेचं.

बेलोजचं रबर एका पिस्टनवर वळकटीसारखं दुमडत वर-खाली सरकत असतं. घडी रोज त्याच पट्ट्यात पडते, त्यामुळे सहा-आठ वर्षांनी रबराला बारीक भेगा पडतात त्याही त्याच पट्ट्यात. चिकटलेली धूळ घडीत घासत राहते. सुरुवातीला गळती इतकी बारीक असते की दिवसभर काही कळत नाही. रात्री गाडी उभी करावी आणि सकाळी पाहावं तर पुढचा डावा कोपरा दोन बोटं खाली गेलेला. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी बसतेय’. सुरू केली की मिनिटभरात ती उठते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो.

खरा खर्च या दुर्लक्षातून निघतो. हा कंप्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. गळती सुरू झाली की तो प्रत्येक वेळी कितीतरी जास्त वेळ धावतो, तापतो, त्याच्या पिस्टनची रिंग झिजते. त्याच्या तोंडाशी हवेतला ओलावा शोषणारे दाणे भरलेला ड्रायर असतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तो तासन्तास दमट हवा ओढायला लागला, की दाण्यांची शोषण्याची ताकद संपते. मग ओलावा पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातो आणि तिथे गंज धरतो. कंप्रेसरचा रिले चिकटला तर इंजिन बंद असतानाही कंप्रेसर चालूच राहतो आणि सकाळी बॅटरीही गेलेली असते. एका बेलोजचं काम बघता बघता बेलोज, कंप्रेसर, रिले आणि व्हॉल्व्ह ब्लॉक असं होतं. आणि इथे एक चूक सर्रास होते. कंप्रेसर जळाला म्हणून नुसता कंप्रेसर बदलला जातो. ज्या गळतीने पहिला जाळला ती तशीच असते, त्यामुळे नवाही काही महिन्यांत जातो. चांगला मेकॅनिक आधी स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन बेलोजवर आणि हवेच्या नळ्यांच्या जोडांवर मारतो, बुडबुडे कुठे येतात ते पाहतो, आणि मगच खरेदीची यादी करतो. दोन्ही पुढचे बेलोज एकाच वयाचे असतात, तेव्हा एक गेला की दुसऱ्याचेही दिवस भरत आलेले असतात.

काही जण वैतागून हवा काढून टाकतात आणि लोखंडी स्प्रिंग बसवून घेतात. गाडी चालते, पण ज्यासाठी ती घेतली ते सुख जातं आणि डॅशबोर्डवरचा इशारा गप्प करायला वेगळा खटाटोप करावा लागतो. माझ्या मते ज्याला स्प्रिंगच हवी त्याने मुळात स्प्रिंगवाली ई-क्लास घ्यावी. तशाही भरपूर आहेत.

बॉनेट उघडलं की दुसरा शत्रू दिसतो, उष्णता. इंजिन जितकं जास्त तापमानावर चालवावं तितकं तेल पातळ राहतं, घर्षण कमी होतं, इंधन वाचतं. म्हणून बीएमडब्ल्यूने २००४ च्या सुमाराच्या एन ५२ या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनात थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप दोन्ही विजेवर, कॉम्प्युटरच्या हुकमतीत दिले. हळू चालवताना हे इंजिन कूलंट ११२ अंशांपर्यंत तापू देतं. कूलंट दाबाखाली असल्यामुळे उकळत नाही, पण त्याच्या वाटेवर रेडिएटरच्या कडेच्या टाक्या, एक्स्पान्शन टँक, नळ्यांचे जोड हे सगळं काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनचं आहे. गरम पाणी आणि ग्लायकॉल हळूहळू या नायलॉनचे रासायनिक बंध तोडतात. वरून काही दिसत नाही. प्लास्टिक फक्त पिवळट-तपकिरी आणि ठिसूळ होत जातं, आणि एके दिवशी नळी काढायला गेलं की जोडाचा तुकडाच हातात येतो. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. ऑटोबानवर समोरून वारा खात धावणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली आणि मे महिन्यात सायनच्या सिग्नलला एसी लावून अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली किती फरक असेल, याचा अंदाज करता येतो.

विजेवरच्या पंपाची खोड अशी की तो बहुतेक वेळा आधी कळवत नाही. जुना पट्ट्यावरचा पंप जाण्याआधी गळायचा, कुरकुरायचा. हा एक दिवस थांबतो. पिवळा इशारा येतो, मग लाल. लाल दिसल्यावर ‘घर जवळच आहे’ म्हणून पुढे गेलं की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. या इंजिनावर पंप आणि थर्मोस्टॅट लाखभर किलोमीटरच्या आसपास आपणहून एकत्र बदलून टाकणं हाच अनुभवी लोकांचा रिवाज आहे.

तेलाच्या गळतीचंही मूळ हेच. इंजिनाच्या रबरी गॅस्केट तापून कडक होतात आणि झिरपायला लागतात. बीएमडब्ल्यूच्या एन ५२, एन ५४, एन ५५ या इंजिनांत ऑइल फिल्टरच्या हाउसिंगखाली एक छोटी गॅस्केट आहे. भाग किरकोळ आहे. पण ती गळली की तेल नेमकं खालच्या पट्ट्यावर ठिबकतं. तेल प्यालेला पट्टा फुगतो, पुलीवरून उतरतो, त्याच्या चिंध्या होतात, आणि कधीकधी त्या चिंध्या पुढच्या क्रँक सीलमधून आत ओढल्या जातात. किरकोळ गॅस्केटपायी इंजिन उतरवायची पाळी आलेल्या गाड्या आहेत. ‘थोडं तेल झिरपतं, पण त्याने काही होत नाही’ हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकलं की कुठून झिरपतं ते टॉर्च घेऊन पाहावं.

उष्णतेचा सगळ्यात टोकाचा प्रयोग २००८ च्या एन ६३ या व्ही-आठ इंजिनात झाला. दोन्ही टर्बो इंजिनाच्या दोन रांगांमधल्या खोबणीत बसवले. जागा वाचली, टर्बोला वायू पटकन मिळायला लागला, पण इंजिनाचा सगळ्यात तप्त भाग मधोमध आला. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरचे सील कडक होऊन तेल आत उतरायला लागलं. सिग्नलला उभं राहून निघताना मागून निळसर धूर ही त्याची खूण. गाडी बंद केल्यावरही टर्बो थंड करणारा पंप चालू राहतो, त्याचा भार बॅटरीवर. अखेर डिसेंबर २०१४ मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेतल्या मालकांसाठी खास दुरुस्ती योजना काढली आणि तेल बदलण्याची मुदत १५ हजार मैलांवरून १० हजारांवर आणली.

तेलाची मुदत हा मुद्दा टायमिंग चेनशीही जोडलेला आहे. चेन क्रँकशाफ्टची गती वरच्या कॅमशाफ्टला देते. व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे हे तिच्यावर ठरतं. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नसतं. प्रत्येक कडीतली पिन अगदी सूक्ष्म झिजते आणि शंभरएक कड्यांची ती झीज एकत्र होऊन चेन लांब होते. ढिली चेन प्लास्टिकच्या गाइडवर आपटते, गाइड तुटतो, चेन दात सोडते, आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. पिनांमध्ये तेल स्वच्छ असेल तर हे सगळं फार लांबतं. काजळी धरलेलं तेल पिना घासून काढतं.

बीएमडब्ल्यूचं २००७ मध्ये आलेलं एन ४७ हे चार सिलिंडर डिझेल याच दुखण्यासाठी ओळखलं जातं. आपल्याकडे ३२० डी आणि ५२० डी या नावांनी विकलेल्या गाड्यांत बराच काळ हेच इंजिन होतं. चेन झिजणं वाईटच, पण इथली चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. म्हणजे तिच्यापर्यंत पोचायलाच गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं. शेकड्यांचा भाग आणि दिवसांची मजुरी. थंड इंजिन सुरू करताना बॉनेटच्या मागच्या बाजूने, काचेखालून, सळसळ-खरखर असा आवाज आला तर पुढचं काही पाहू नये.

मर्सिडीजही यातून सुटलेली नाही. एम २७२ या व्ही-सहा पेट्रोल इंजिनाच्या २००४ नंतरच्या पहिल्या काही वर्षांच्या उत्पादनात बॅलन्स शाफ्टचा दातेरी गिअर मऊ निघाला. दात झिजले की चेन नीट बसत नाही, टायमिंग मागे पडतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. गिअर तळहातावर मावेल एवढा, काम मात्र इंजिन बाहेर काढून. पुढे गिअर सुधारला आणि तेच इंजिन छान टिकाऊ ठरलं. त्यामुळे या गाड्या घेताना मॉडेलच्या वर्षापेक्षा इंजिनाचा नंबर महत्त्वाचा. पोर्शच्या ९९६ मधलं इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग हीसुद्धा याच जातीची गोष्ट: आत दडलेला छोटा भाग, आणि तो गेला की अख्खं इंजिन. लँड रोव्हरच्या तीन लिटर व्ही-सहा डिझेलचा क्रँकशाफ्ट त्याच पंगतीतला.

गिअरबॉक्सचं वेगळंच आहे. तिथे यंत्र चांगलं आणि सल्ला वाईट. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ‘८ एचपी’ हा ऑटोमॅटिक बीएमडब्ल्यूपासून जग्वारपर्यंत बऱ्याच जणांनी वापरला, आणि माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतला तो सगळ्यात चांगला ऑटोमॅटिक आहे. बीएमडब्ल्यूच्या नेहमीच्या सर्व्हिसमध्ये त्याचं तेल बदलणं येतच नाही. तो बनवणारी झेडएफ मात्र म्हणते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा तेल बदला. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं हे उघड आहे. हे तेल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर क्लच लागतात आणि सुटतात. क्लचचा बारीक चुरा त्यात मिसळत राहतो, आणि तो सोलेनॉइडच्या अरुंद वाटांमध्ये बसला की गिअर पडताना झटका यायला लागतो. तेलाचा पॅन प्लास्टिकचा असून फिल्टर त्यातच असल्यामुळे पॅनसकट बदलावा लागतो, तेलही विशिष्ट तापमानाला भरावं लागतं. काम नाजूक आहे, महाग म्हणावं असं नाही. गिअरबॉक्सच्या किमतीपुढे तर काहीच नाही.

जुन्या पाच गिअरच्या मर्सिडीजमध्ये, म्हणजे ७२२.६ मध्ये, एक गमतीदार बिघाड होतो. गिअरबॉक्समध्ये वायरी जिथून शिरतात तिथे एक प्लास्टिकचा प्लग आणि त्याला रबरी ओ-रिंग असते. ओ-रिंग सुकली की तेल वायरींच्या तारांमधून केशाकर्षणाने वर चढत जातं आणि थेट कंट्रोल युनिटमध्ये पोचतं. मालक ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून हादरलेला असतो, आणि बिघाड असतो एका प्लगचा. फोक्सवॅगन गटाच्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजीला तर हवामानानेच धरलं. २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या त्यासाठी परत बोलावल्या. उष्ण, दमट हवेत आणि थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत सिंथेटिक तेलामुळे आतल्या विजेच्या पुरवठ्यात दोष येत होता, म्हणून त्याजागी मिनरल तेल भरून दिलं. उष्ण, दमट आणि थांबत-चालत, हे वर्णन घोडबंदर रोडचंही आहे.

उरली वीज. मोठ्या लक्झरी गाडीत सत्तर-ऐंशी कंट्रोल युनिट सहज असतात, आणि ती सगळी एकमेकांशी बोलत असतात. बॅटरी थकली आणि स्टार्टर मारताना व्होल्टेज खूप खाली गेलं, की यातली काही युनिट्स क्षणभर बेशुद्ध होतात आणि बाकीची त्यांच्या नावाने तक्रार नोंदवतात. डॅशबोर्डवर गिअरबॉक्स, ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग असे इशारे एकदम झळकतात. घाबरलेला मालक विकायला काढतो, आणि नवा मालक बॅटरी बदलून गाडी पळवतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांनी हा खेळ घरोघरी दाखवला. म्हणून एकाच वेळी अनेक दोष दिसले तर आधी बॅटरी तपासावी. तीही ठरलेल्या जातीची, म्हणजे बहुधा एजीएम, आणि बीएमडब्ल्यूत तर स्कॅनर लावून ‘नवी बॅटरी बसवली’ हे गाडीला कळवावं लागतं. नाहीतर ती जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्ज करत राहते आणि नवीचंही आयुष्य खाते.

२००१ पासून बीएमडब्ल्यू सेव्हन सीरीजमध्ये आणि पुढे इतरांतही म्युझिक, फोन, नेव्हिगेशन हे प्रकाशाच्या तंतूवर, ‘मोस्ट’ नावाच्या वर्तुळात जोडलेले आले. दिवाळीच्या जुन्या माळेसारखं, एक दिवा गेला की माळ बंद. डिकीतल्या अॅम्प्लिफायरला ओल लागली तरी पुढचा स्क्रीन काळा पडतो, आणि स्क्रीन बदलून उपयोग होत नाही.

ओल लागते कुठून? आपल्याकडे बहुतेक वेळा सनरूफमधून. सनरूफचं काच-झाकण पूर्ण जलरोधक नसतंच. त्याच्याभोवती पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून चार नळ्या खांबांमधून खाली जातात. पाणी तिथूनच वाहून जावं अशी योजना आहे. झाडाखाली उभ्या असणाऱ्या गाडीत या नळ्या पानांच्या चुऱ्याने बुजतात, पन्हळ भरते आणि पाणी आतल्या बाजूने गालिच्याखाली उतरतं. वरून गालिचा कोरडा लागतो. खालचा जाड फोम मात्र आठवडेच्या आठवडे ओला राहतो. आणि नेमक्या तिथेच, जुन्या अनेक ऑडींत पुढच्या गालिच्याखाली, बऱ्याच बीएमडब्ल्यूंत डिकीच्या कोपऱ्यांत, कंट्रोल युनिट बसवलेली असतात. कनेक्टरच्या पिनांवर हिरवी पूड धरली की दोष कधी येतात, कधी जातात, आणि मेकॅनिकला ते पकडता पकडता नाकी नऊ येतात. दर मे महिन्यात सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात ग्लासभर पाणी सोडावं आणि ते चाकाजवळ खाली ठिबकतंय का पाहावं. याला एक पैसा लागत नाही.

पुराचं पाणी ही निराळी गोष्ट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या, आणि त्यातल्या कित्येक बुडून गेल्या नाहीत तर नंतर सुरू केल्याने गेल्या. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी टो करूनच न्यावी. साध्या विम्यात ‘नंतर सुरू केल्यामुळे झालेलं नुकसान’ सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते.

हे सगळं अटळ आहे का? १९८९ मध्ये टोयोटाने लेक्सस एलएस ४०० आणली, ती याचं एक उत्तर आहे. मुख्य अभियंता इचिरो सुझुकी. साधारण साडेचारशे नमुने बनवून तपासल्यावर गाडी बाजारात आली, आणि तरी पहिल्याच वर्षी डिसेंबरात सुमारे आठ हजार गाड्या वायरिंग आणि ब्रेकच्या दिव्याच्या तक्रारींवरून परत बोलवाव्या लागल्या. गाड्या घरून नेऊन, दुरुस्त करून, धुऊन, टाकी भरून परत दिल्या. गाडीत नवलाईचं तंत्र कमी होतं. लोखंडी स्प्रिंगा, निवांत ट्यून केलेलं चार लिटरचं व्ही-आठ, चार गिअरचा ऑटोमॅटिक, आणि मुदतीवर बदलायचा टायमिंग बेल्ट. अमेरिकी वाहन-पत्रकार मॅट फेराह याने १९९६ ची एक जुनी एलएस ४०० घेऊन २०१९ मध्ये ती दहा लाख मैलांपार, म्हणजे १६ लाख किलोमीटरपलीकडे नेली. तिच्यातही दोष होतेच. स्टीअरिंगचा पंप गळून तेल खालच्या अल्टरनेटरवर पडणं हा नेहमीचा. पण तो स्टॅण्डवर दुपारभरात निघणारा दोष. मर्सिडीजप्रेमी यावर ग्रीसमधल्या २४० डी टॅक्सीचा दाखला देतात, जी ४६ लाख किलोमीटर चालून २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. तिची इंजिनं मधे अनेकदा बदलली होती, हे सांगायचं मात्र बहुतेकांकडून राहून जातं.

लेक्सस अधिकृतपणे भारतात आली २०१७ मध्ये, त्यामुळे दहा वर्षांची सेकंडहँड हवी तर आपल्याकडे निवड बहुतेक जर्मन गाड्यांतूनच. तेव्हा बघायला जाताना गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघावी. आधी फोन करून सांगावं की सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून गरम लागलं तर का ते विचारावं. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी चारही चाकांच्या कमानींची उंची टेपने मोजून घ्यावी आणि सकाळी पुन्हा मोजावी. स्कॅनर कंपनीच्या दर्जाचा लावावा, म्हणजे मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा. पाचशे रुपयांचं ब्लूटूथचं डबडं इथे फक्त इंजिनाचे दोष दाखवतं. मीटर मागे फिरवलेलं असेल तर गिअरबॉक्स किंवा इतर युनिटमधला आकडा बहुतेकदा चुगली करतो. गाडी लिफ्टवर घेऊन खालचं प्लास्टिकचं आवरण काढायला लावावं, कारण सगळी गळती त्याच्यावर साठते आणि वरून दिसत नाही.

फाइल मागावी. वर्षाला एकदा तेल बदलल्याची, गिअरबॉक्सचं तेल, पंप, बेलोज बदलल्याची बिलं असलेली एक लाख चाळीस हजार चाललेली गाडी मी पन्नास हजारवाल्या, बिलं नसलेल्या गाडीपेक्षा केव्हाही घेईन. तिचे मोठे खर्च आधीच्या मालकाने केलेत. भाग घेताना डबा कुणाचा ते पाहावं. सस्पेन्शनचे आर्म लेमफर्डरचे, शॉक अॅब्सॉर्बर बिल्स्टाइन किंवा सॅक्सचे, कूलिंगचे महलेचे, हे बहुतेकदा कारखान्यात बसवणारेच पुरवठादार आहेत, आणि तारा किंवा निळं-पांढरं चक्र छापलेलं नसल्यामुळे तोच भाग पुष्कळ स्वस्त पडतो. खरेदीच्या किमतीच्या वर पहिल्या वर्षासाठी निदान चौथा हिस्सा बाजूला काढून ठेवावा. नाही लागला तर उत्तमच. आणि विकणारा गाडी एक रात्र उभी ठेवून सकाळी बघू द्यायला तयार नसेल, तर दुसरी बघावी. या वयाच्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत.